नियम क्रमांक चार

रविवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी उज्ज्वला तोडकर यांचा आवाज मंडळाच्या नियमानुसार बंद करण्यात आला, आणि सोमवारी सकाळीही तो बंदच होता.

हे त्यांना दूधवाल्यासमोर कळलं. अर्धा लिटर जास्त पाहिजे होतं. त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलले, जीभ जिथं टेकायची तिथं टेकली, पण बाहेर काहीच आलं नाही. दूधवाला रोजच्याइतकं दूध घालून निघून गेला. पातेलं हातात धरून उज्ज्वलाबाई दारात उभ्या राहिल्या. दुसरं कुणी घाबरलं असतं. त्यांना राग आला, आणि तो पुढचे चौदा दिवस काही उतरला नाही.

उज्ज्वलाबाई आंबेखिंड स्टँडवर वाहतूक नियंत्रक होत्या. चौकशीच्या खिडकीत बसायचं, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माईकवरून सांगायचं, हे काम त्या बावीस वर्षं करत होत्या. पंचक्रोशीत त्यांना तोंडावरून ओळखणारे थोडे आणि आवाजावरून ओळखणारे सगळे. बाजारात त्यांनी नुसतं "मेथी कशी दिली?" म्हटलं, तरी लोक पिशव्या उचलायचे.

अशा बाईला कथा लिहायचा नाद लागला. लिहिलेलं दाखवायचं कुणाला, म्हणून त्यांनी गेल्या वर्षी 'आडवळण कथावाचन मंडळ' काढलं. आठ गावचे आठ हौशी लेखक. एक रविवार सोडून एका रविवारी दुपारी चार वाजता सगळ्यांनी मोबाईलवर जमायचं. एकानं आपली कथा वाचायची, बाकीच्या सात जणांनी अभिप्राय द्यायचा. बैठक फुकटातल्या ॲपवर व्हायची, त्यामुळे चाळिसाव्या मिनिटाला ती आपोआप बंद पडायची.

नियम उज्ज्वलाबाईंनी स्वतः लिहिले होते. पहिल्याच बैठकीत दिवेकरबाईंनी तीन मिनिटांची कथा वाचली आणि मग "मला तिथं असं म्हणायचं होतं" असं आठ मिनिटं सांगितलं. त्या दिवशी नियम क्रमांक चार जन्माला आला: कथा वाचून होताच लेखकाचा आवाज बंद करण्यात येईल. प्रत्येक सभासदाचा अभिप्राय झाल्याशिवाय तो उघडण्यात येणार नाही. पाठोपाठ नियम क्रमांक पाच आला: अभिप्राय स्वतःच्या आवाजात, किमान तीन वाक्यांचा असावा, त्यात एक तरी दोष सांगावा. 'छान', जोडलेले हात आणि अंगठा धरला जाणार नाही. हे दोन नियम सगळ्यांना इतके आवडले की चिपळूणच्या पद्माकर सोमणांनी ते ठळक अक्षरांत करून घेतले. सोमण पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मंडळाचे कार्यवाह तेच, आणि आवाज बंद-चालू करायचं बटणही त्यांच्याच हातात.

आजवर त्यातून काही बिघडलं नव्हतं. अभिप्राय त्याच बैठकीत पुरे व्हायचे, लेखकाचा आवाज पंधरा-वीस मिनिटं बंद राहायचा आणि परत यायचा. दिवेकरबाईंना मध्यंतरी एकदा कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी सुनेला हाक मारता आली नव्हती. पण मंडळ म्हटलं की एवढं चालायचंच, म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

या रविवारी उज्ज्वलाबाईंनी आपली 'खिडकी' ही कथा वाचली. सहा अभिप्राय आले. सातव्याची पाळी शेंडगेवाडीचे गिरणीवाले महादेव खवळे यांची होती. पडद्यावर त्यांचं नुसतं नाव दिसत होतं. सोमणांनी तीनदा पुकारा केला. "खवळे यांचा आवाज येत नाही," असं ते म्हणाले, नोंदवहीत 'प्रलंबित' असं लिहिलं आणि चाळिसावं मिनिट भरलं.

म्हणजे एका माणसाची तीन वाक्यं अडली होती. फक्त तीन.

सोमवारी सकाळी आठ वाजता उज्ज्वलाबाई खिडकीत बसल्या. विटा गाडी लागली, त्यांनी माईक ओढला आणि सवयीनं सांगितलं. स्टँडभर शांतता. विट्याचे चौदा प्रवासी बाकावर बसून राहिले आणि गाडी रिकामी निघून गेली. त्यातली एक म्हातारी खिडकीशी आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "बाई, तुमी सांगितल्याबिगर आमी उठत न्हाई, ठावं हाय न्हवं? मग बोलला का न्हाई?"

उज्ज्वलाबाईंनी गळ्याकडे बोट दाखवलं. म्हातारीनं हळदीचं दूध सांगितलं.

आगारप्रमुख काळोखे साहेबांनी अकरा वाजता आत बोलावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, म्हणजे वाचून घेतलं; उज्ज्वलाबाईंनी दोन पानी अर्जच लिहून नेला होता.

"मंडळानं बंद केलाय," साहेब म्हणाले. "कुठलं मंडळ? आपलं, एस.टी.चं?"

उज्ज्वलाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"खाजगी मंडळ. मग आपल्याकडं तरतूद नाही, मॅडम. आजारी असता तर रजा दिली असती. संपावर असता तर नोटीस दिली असती. हे दोन्हीत बसत नाही." त्यांनी अर्ज उलटा करून पाहिला. "पंधरा दिवस देतो. पंधराव्या दिवशी, सोमवारी, आवाज आला नाही तर खिडकी शिंगाडे मॅडमना द्यावी लागंल. तुमाला मग आत, जुनी वेळापत्रकं ठेवल्यात त्या खोलीत बसवू. तिथं बोलायचं काम नाही."

शिंगाडे मॅडम ळ म्हणायला अडखळत, आणि या तालुक्यातल्या निम्म्या गावांच्या नावांत ळ आहे. बावीस वर्षांची खिडकी अशी जाणार, आणि ती एका गिरणीवाल्याच्या तीन वाक्यांपायी, या विचारानं उज्ज्वलाबाईंची कानशिलं तापली. ओरडायला आवाज नव्हता. त्यांनी टेबलावरचा काचेचा गोळा उचलला, बघितला आणि परत ठेवला.

संध्याकाळी त्या घशाच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी आरसा घालून आत पाहिलं.

"आवाज आहे," ते म्हणाले. "उत्तम आहे. चालू नाही, एवढंच. कुणी बंद केला?"

उज्ज्वलाबाईंनी लिहून दाखवलं.

"मग त्यांच्याकडंच जायला हवं. माझ्याकडं बिघडलेले येतात, बंद केलेले नाही." त्यांनी फी घेतली नाही, याचाही उज्ज्वलाबाईंना रागच आला.

घरी त्यांचे यजमान विलासराव पहिले दोन दिवस बरे होते. खोटं कशाला बोला, खुशीत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला आणि वाट पाहिली. काहीच आलं नाही. चौथ्या दिवशी बूट घालून देवघरापर्यंत गेले. पाचव्या दिवशी जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. "अगं, एकदा तरी ओरड की," ते म्हणाले. "घरात कुणी राहतंय असं वाटत नाही." आणि मग तेच रागावले. मंडळावर, सोमणांवर, मोबाईल काढणाऱ्यावर. उज्ज्वलाबाई शेजारी बसून त्यांचं ऐकत राहिल्या, आणि बाईंचं निम्मं म्हणणं अशा रीतीनं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

सोमणांशी व्यवहार चालू होता. सोमण फोनवर बोलत आणि उज्ज्वलाबाई मेसेज लिहून उत्तर देत.

'बटण तुमच्या हातात आहे. दाबा,' उज्ज्वलाबाईंनी लिहिलं.

"बटण माझ्या हातात आहे, नियम नाही," सोमण म्हणाले. "सात अभिप्राय हवेत, सहा आलेत. मी आज तुमच्यासाठी दाबलं तर उद्या दिवेकरबाईंसाठी दाबावं लागेल."

'मग नियम बदला.'

"नियम अकरा पाहा. नियमात बदल करायचा तर संस्थापकांनी बैठकीत तोंडी प्रस्ताव मांडावा. तोंडी, असं आहे. संस्थापक आपणच."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उज्ज्वलाबाईंनी एक दिवस सोमणांना काहीही लिहिलं नाही. मग त्यांना नियम नऊ आठवला.

'खवळ्यांना काढून टाका. सभासदच नाही, तर त्यांचा अभिप्रायही नको.'

"काढता येईल," सोमण म्हणाले, आणि उज्ज्वलाबाईंचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच पुढं म्हणाले, "मात्र नऊ-ब प्रमाणे काढण्यापूर्वी त्यांचं म्हणणं बैठकीत ऐकून घ्यावं लागेल. त्यांचा तर आवाजच येत नाही. फार सुंदर नियम केलेत हो तुम्ही. कुठं फट म्हणून ठेवली नाहीत."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो याहून वेगळा नसतो.

राहता राहिले खवळे. त्यांना उज्ज्वलाबाईंनी आठवड्याभरात अकरा मेसेज पाठवले. पहिला 'कृपया' असा सुरू होत होता, पाचवा 'आश्चर्य वाटते' असा, आणि अकराव्यात 'माणुसकी' हा शब्द दोनदा होता. सगळ्यांना मिळून एकच उत्तर आलं: 'आधी तुमचा.'

आधी तुमचा! उज्ज्वलाबाईंनी ते विलासरावांना दाखवलं. विलासराव म्हणाले, "माजलाय." उज्ज्वलाबाईंनी वहीत तेच लिहून खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी रजा टाकून त्या शेंडगेवाडीला गेल्या. शेंडगेवाडी म्हणजे मुक्काम गाडीचा शेवटचा थांबा. संध्याकाळी आंबेखिंडहून निघालेली गाडी रात्री तिथंच थांबते आणि सकाळी परत येते. उज्ज्वलाबाईंनी हे नाव बावीस वर्षांत हजारो वेळा पुकारलं होतं, गाव मात्र कधी पाहिलं नव्हतं. खवळ्यांना काय काय ऐकवायचं ते त्यांनी वहीत लिहून नेलं होतं. चार पानं झाली होती.

खवळ्यांची पिठाची गिरणी गावाच्या तोंडाशीच होती. आत पट्टा फिरत होता आणि आवाज असा की भिंतीला हात लावला तर हात थरथरावा. गिऱ्हाईकं येत, डबा ठेवत, दोन बोटं दाखवत, म्हणजे बारीक. पंजा दाखवला की भाकरीचं. डोक्यापासून भुवयांपर्यंत पांढरे झालेले साठीचे खवळे मान हलवत आणि डबा ओतत. तिथं कुणी कुणाशी बोलत नव्हतं आणि कुणाचं काही अडतही नव्हतं.

उज्ज्वलाबाईंनी वही उघडून त्यांच्या तोंडासमोर धरली.

खवळ्यांनी चारही पानं वाचली. मग जाऊन खटका ओढला. पट्टा थांबला आणि शांतता झाली. त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलवले. हात जोडून, हात सोडून, छातीला हात लावून ते बराच वेळ काहीतरी सांगत होते, आणि त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं.

उज्ज्वलाबाईंनी वही खाली घेतली.

खवळ्यांनी डब्याच्या झाकणावरच्या पिठात बोटानं लिहिलं: 'मुक्काम गाडी. ऑगस्ट. तुमचा अभिप्राय राहिलाय.'

आणि उज्ज्वलाबाईंना ऑगस्टचा शेवटचा रविवार आठवला. खवळ्यांनी कथा वाचली होती. सहा अभिप्राय झाले होते. त्यांचा सातवा होता. त्यांनी घसा साफ केला आणि चाळिसावं मिनिट भरून बैठक बंद पडली. पुढच्या वेळी देते, असं म्हणून त्यांनी ग्रुपवर अंगठा टाकला होता. पुढच्या वेळी गणपती होते. मग पितृपक्ष, मग नवरात्र, मग दिवाळी, मग तुळशीची लग्नं. तीन महिन्यांनी बैठक झाली ती थेट त्यांच्या स्वतःच्या कथेची.

खवळ्यांनी मोबाईल काढून दाखवला. 'बाई, अभिप्राय राहिला.' त्याखाली उज्ज्वलाबाईंचे जोडलेले हात. 'बाई, तेवढं बघा.' अंगठा. 'बाई, आवाज बंद आहे.' त्याला उज्ज्वलाबाईंनी गुलाबाचं फूल पाठवलं होतं.

दारात खवळ्यांच्या पत्नी कमलताई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. त्यांनी पिठातली अक्षरं आणि मोबाईलवरचे मेसेज वाचले आणि तांब्या तिथंच ठेवला.

"आवाज बंद? तीन महिने?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं रागावल्यात. म्हटलं, तुमी न्हाई बोलत तर मी तरी कशापायी बोलू? दिवाळीला लाडू दिला तो बी न बोलता दिला." त्या नवऱ्याकडे वळल्या. "लिवता येतंय न्हवं तुमाला? कथा लिवता, मग बायकूला चिठ्ठी लिवाय काय झालं हुतं?"

खवळ्यांनी मान खाली घातली. मग त्या उज्ज्वलाबाईंकडे वळल्या. "आन बाई, तुमी तर मोठ्या. अख्ख्या तालुक्याला तुमचं ऐकू येतं. तुमाला एका माणसाचं ऐकाय वेळ मिळाला न्हाई व्हय?"

खरी गोष्ट याहून वाईट होती. ऑगस्टमधल्या त्या रविवारी खवळे वाचत असताना त्या स्वतःच्या कथेच्या शेवटाचा विचार करत होत्या. 'मुक्काम गाडी' त्यांनी ऐकलीच नव्हती. बैठक बंद पडली तेव्हा त्यांना सुटल्यासारखं झालं होतं. इतके दिवस ज्या रागावर त्या चालत होत्या, तो तसाच्या तसा उलटून त्यांच्याच अंगावर आला. त्यांनी वहीतली चार पानं फाडली, घडी केली आणि पर्समध्ये घातली. मग हात पुढं करून कथा मागितली.

पोत्यावर बसून त्यांनी ती वाचली. शेंडगेवाडीची मुक्काम गाडी. कंडक्टर रोज एका म्हातारीसाठी ओढ्याच्या थांब्यावर गाडी खोळंबून ठेवतो. पुढं म्हातारी यायची बंद होते, तरी गाडी थांबतेच, आणि गाडीतलं कुणीही 'चला' म्हणत नाही. हे वाचून उज्ज्वलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पण गाडी सुटतच होती ती मुळी पाचव्या पानावर. त्याआधी आगाराचं वर्णन होतं, त्यातही निम्मं चुकीचं. आणि शेवटच्या पानावर माणसाने माणसाशी कसं वागावं हे खवळ्यांनी मुद्द्यांसह सांगितलं होतं.

म्हणजे अभिप्राय तयार होता. द्यायला आवाज नव्हता. बाईंचा आवाज आला तर खवळ्यांचा येणार, आणि खवळ्यांचा आला तर बाईंचा. कमलताईंनी चहा आणला.

परतीच्या गाडीत उज्ज्वलाबाईंना त्या यंत्राची आठवण झाली.

सहा वर्षांपूर्वी पुण्याहून दोन माणसं आगारात आली होती. उज्ज्वलाबाईंना एका खोलीत बसवून त्यांनी चारशे बारा तुकडे बोलायला लावले होते: गावांची नावं, आकडे, 'सुटली आहे', 'उशिरा', 'फलाट क्रमांक', असं सुटं सुटं. संगणक ते जोडून आपोआप बोलणार होता. आठ दिवस तो बोललाही. पण तो वेळापत्रकाप्रमाणे बोलायचा आणि गाड्या तशा येत नव्हत्या, म्हणून त्याच्यावर कापड टाकण्यात आलं. कापडाखाली उज्ज्वलाबाईंचा आवाज अजून तसाच होता.

त्यांनी सोमणांना विचारलं. सोमणांनी एक दिवस घेतला.

"नियमात 'स्वतःच्या आवाजात' असं आहे," त्यांनी शनिवारी सांगितलं. "'आत्ताच्या आवाजात' असं म्हटलेलं नाही. ग्राह्य धरता येईल. मात्र बैठकीत, सर्वांसमक्ष. आणि चाळीस मिनिटांच्या आत."

रविवारी दुपारी चारला बैठक सुरू झाली. उज्ज्वलाबाई खिडकीत होत्या. त्यांचा मोबाईल स्टँडवरच्या कर्ण्याकडे तोंड करून ठेवला होता. खवळे धुतलेला सदरा घालून फलाट क्रमांक चारवर उभे होते. पण कापडाखालचं यंत्र तापायला वीस मिनिटं लागली, आणि मग चारशे बारा तुकड्यांमध्ये 'कथा' हा शब्द नव्हता, 'पान' नव्हता, 'आवडली' तर नव्हताच. जे होतं त्यातून उज्ज्वलाबाईंनी एकेक तुकडा ओळीत लावला. चार वाजून सव्वीस मिनिटांनी त्यांनी बटण दाबलं आणि पंधरा दिवसांनी आंबेखिंड स्टँडवर त्यांचा आवाज झाला.

"कृपया इकडे लक्ष द्या. मुक्काम गाडी. वीस. मिनिटं. उशिरा. सुटली आहे. तरी. प्रवाशांनी. जागा सोडू नये. शेवटचा थांबा. रद्द. करण्यात आला आहे."

यंत्र क्षणभर थांबलं.

"गैरसोयीबद्दल. दिलगीर आहोत."

हे शेवटचं वाक्य उज्ज्वलाबाईंनी बावीस वर्षांत किती वेळा म्हटलं होतं, याला गणती नाही. ते खरं करून म्हणायची ही पहिलीच वेळ होती. स्टँडवरचे सगळे प्रवासी आपापल्या जागी नीट बसले.

"तीन वाक्यं झाली," मोबाईलमधून सोमणांचा आवाज आला. "दोष दोन सांगितलेत. चौथं वाक्य जादा आहे, पण हरकत नाही. खवळ्यांचा आवाज उघडत आहे."

फलाट क्रमांक चारवर खवळ्यांनी खोल श्वास घेतला.

"रद्द कुणी केला?" ते गरजले. तीन महिने साठलेला आवाज होता तो. बाकावरची पोरं दचकली. "आं? शेवटचा थांबा रद्द केला, तो मला इचारून केला का? त्या पानासाठी तर अख्खी कथा लिवलीया मी!"

"लेखकाला उत्तरासाठी दोन मिनिटं आहेत," सोमण म्हणाले.

खवळे खिडकीशी आले आणि बोलू लागले. मला तिथं असं म्हणायचं होतं, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. आगाराचं वर्णन का हवं ते सांगितलं. शेवटच्या पानातला एकेक मुद्दा परत सांगितला, आणि वर एक नवा सुचला तोही. दोनाची आठ मिनिटं झाली. चार वाजून सदतीस मिनिटं झाली. खिडकीच्या आत उज्ज्वलाबाई मनगटावरचं घड्याळ बोटानं ठोकत होत्या, आणि ज्यासाठी त्यांनी तो नियम केला होता तेच सगळं त्यांच्या तोंडावर येऊन आदळत होतं. चाळिसाव्या मिनिटाला बैठक बंद पडली असती. उद्या सोमवार होता. शिंगाडे मॅडम आपली उशी घेऊन खिडकी बघायला दुपारीच येऊन गेल्या होत्या.

अडतिसाव्या मिनिटाला खवळ्यांनी पुढचा मुद्दा घेण्यासाठी वर पाहिलं आणि त्यांना जाळीमागचा तो चेहरा दिसला. ते थांबले.

"व्हय, बाईंचं राहिलं," ते म्हणाले. त्यांनी हात मागं बांधले. "बाईंची 'खिडकी' मी नीट ऐकली. त्यातल्या बाई साऱ्या जगाला गाडी सांगत्यात, पण खिडकीशी आलेलं एक माणूस काय म्हणतंय ते त्या ऐकतच न्हाईत, आन लिवणाऱ्या बाईंला ते ठावंच न्हाई. तेवढं घाला, कथा लई मोठी हुईल."

"तीन," सोमण म्हणाले. "दोष आहे. ग्राह्य. तोडकर बाईंचा आवाज उघडत आहे. उत्तरासाठी वेळ एक मिनिट वीस सेकंद."

उज्ज्वलाबाईंच्या घशात काहीतरी जागच्या जागी बसलं. पंधरा दिवसांत त्यांनी उत्तरं तयार केली होती. सोमणांसाठी वेगळी, काळोखे साहेबांसाठी वेगळी, आणि खवळ्यांसाठी तर वहीभर. शिवाय त्या कथेतली बाई तशी का आहे, हे सांगण्यासारखं होतं. त्यांना तिथं असं म्हणायचं होतं की... त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात विटा गाडी वळून फलाटाला लागली. बाकावर चौदा माणसं होती आणि त्यातली एक ती म्हातारी होती. ती उठून खिडकीशी आली होती आणि खवळ्यांच्या कोपराखालून तोंड घालून काहीतरी विचारत होती.

"काय म्हणताय, आजी?" उज्ज्वलाबाईंनी विचारलं. माईक चालू होता. सगळ्या स्टँडनं ते ऐकलं.

"म्या म्हनलं, दुधानं गुण आला का?"

"आला," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "विट्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे."

चाळिसावं मिनिट भरलं. नोंदवहीत सोमणांनी लिहिलं: 'लेखिकेने उत्तर दिले नाही.'

सोमवारी काळोखे साहेबांनी खिडकी त्यांच्याकडेच राहील असं लेखी दिलं. शेंडगेवाडीचा प्रश्न थोडा राहिला. आगारातून एकदा पुकारलेली सूचना मागं घेण्याची पद्धत नाही, म्हणून आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी मुक्काम गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली आणि शेवटच्या थांब्याच्या अलीकडे, ओढ्यावरच थांबली. खवळ्यांना पुढचे दोन किलोमीटर चालत जावं लागलं. कमलताईंनी नंतर फोन करून सांगितलं, की ओढ्याच्या वळणावरूनच 'कमल' अशी हाक येत होती, घरापर्यंत सारखी येत होती, आणि त्यांनी मुद्दामच लवकर ओ दिली नाही.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत नियम क्रमांक चारचा विषय निघाला. संस्थापकांना आता तोंडी प्रस्ताव मांडता येत होता. त्यांनी मांडला नाही, आणि दुसऱ्या कुणी आग्रहही धरला नाही. नव्या फेरीत पहिली कथा दिवेकरबाईंची होती. त्यांनी कुकर उतरवून ठेवला, सुनेला हाक मारून रात्रीच्या भाजीचं सांगितलं, मुलाला दोन शब्द सुनावले, नातवाला जवळ घेऊन त्याचं नाव घेतलं, आणि मग वही उघडून वाचायला सुरुवात केली.